चार केबीत मावणारा डोंगर: पहिला डेमो, पहिला गेम आणि पहिली डेमो-संध्याकाळ

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला ज्यांनी टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या एडिटरची निळी स्क्रीन पाहिली आहे, त्यांना ‘बीजीआय एरर: ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड’ ही ओळ अजून पाठ असेल. फोल्डरचा पत्ता लिहिताना एक तिरकी रेघ कमी पडली की ती यायची. पत्ता बरोबर पडला की काळ्या पडद्यावर आधी एक वर्तुळ, मग दोन चाकांची गाडी. गाडी डावीकडून उजवीकडे गेली की सरांची सही, सही झाली की जर्नल जमा, आणि विषय संपला. नव्वदच्या दशकात युरोपातली कॉलेजच्या वयाची मुलं तसल्याच पीसीवर हाच उद्योग सहीशिवाय करत होती. कोणी सांगितलं नव्हतं, पैसेही मिळत नव्हते. एकमेकांची जिरवायची, एवढाच हेतू.

त्या उद्योगाला डेमोसीन म्हणतात. डेमो म्हणजे चालवला की काही मिनिटं चित्र आणि संगीत तिथल्या तिथे तयार करणारा प्रोग्रॅम. तो व्हिडिओ नसतो. प्रत्येक फ्रेम तुमच्यासमोर, तुमच्याच मशीनवर गणितातून निघते. सुरुवात झाली ऐंशीच्या दशकात कमोडोर ६४ आणि अमिगा या घरगुती संगणकांवर. गेमचं कॉपी-संरक्षण तोडणारी पोरं तोडलेल्या गेमच्या सुरुवातीला आपल्या टोळीचं नाव झळकवणारा छोटा इंट्रो चिकटवायची. हळूहळू इंट्रोच गेमपेक्षा भारी व्हायला लागले आणि काहींनी गेम फोडणं सोडून नुसते इंट्रोच करायला घेतले. फिनलंडनं २०२० साली डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा दिली. पुढच्याच वर्षी जर्मनी आणि पोलंडनंही दिली.

आपल्याकडे हे रुजलं नाही, कारण ऐंशीच्या दशकात घरात संगणक असणं ही इथे फार थोड्यांची गोष्ट होती. आता ती अडचण उरलेली नाही. जुना लॅपटॉप पुरतो. हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: ज्याला स्वतः करून पाहायचं आहे तो, आणि ज्याला आपल्या कॉलेजातल्या, सोसायटीतल्या चार पोरांना याची गोडी लावायची आहे तो. दुसऱ्यानंही पहिला भाग स्वतः करावा. न करता दुसऱ्याला शिकवायला गेलात तर पोरं पाच मिनिटांत ओळखतात.

पायरी १: आधी पाहा, पण क्रमानं

पहिल्यांदा ‘एलिव्हेटेड’ पाहा. २००९ साली जर्मनीतल्या ब्रेकपॉइंट पार्टीत (डेमोंच्या स्पर्धेला पार्टी म्हणतात) ४ केबी विभागात पहिला आलेला, आरजीबीए आणि टीबीसी या दोन ग्रुपांचा इंट्रो. बर्फाचे डोंगर, त्यांच्यावरून फिरणारा कॅमेरा, संगीत. फाइल ४०९६ बाइटची. देवनागरीचं एक चिन्ह संगणकात साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे तेवढ्या जागेत मराठीची साधारण १३६५ चिन्हं बसतील. एका पानाचा मजकूरही नाही. दाखवणारे असाल तर आकार आधी सांगू नका. डोंगर पाहून होऊ द्या, लोक ‘ठीक आहे, ग्राफिक्स जरा जुनंच आहे’ म्हणू द्या, आणि मग सांगा.

हे होतं कसं, हा प्रश्न येणारच. डोंगराचं चित्र फाइलमध्ये नसतंच. असतं ते डोंगर बनवण्याचं सूत्र: कमी-जास्त आकाराचे यादृच्छिक उंचवटे एकमेकांवर रचायचे, उतार कमी असेल तिथे बर्फ रंगवायचा. संगीतही रेकॉर्ड केलेलं नसतं, वाद्याचं गणित आणि स्वरांची यादी तेवढी असते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगावी: विंडोजच्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या लायब्रऱ्या या ४ केबीत मोजलेल्या नसतात. तरीही काम अचाटच आहे.

नंतर ‘.क्रीगर’. हा २००४ सालचा, ९६ केबीतला फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे बंदूकवाल्याच्याच नजरेतून खेळायचा गेम. जर्मनीच्या फारब्राउश या डेमो ग्रुपच्या पठडीतला. भिंतींचे पोत, राक्षस, बंदुका सगळं सूत्रातून निघतं, म्हणून सुरू व्हायला वेळ घेतो. गेमप्रेमी पोरांवर यासारखा दुसरा उतारा नाही. मग मागे जाऊन १९९३ सालचा, फिनलंडच्या असेंब्ली पार्टीत पहिला आलेला फ्युचर क्रूचा ‘सेकंड रिअॅलिटी’. याच ग्रुपमधल्या काहींनी पुढे रेमेडी ही गेम कंपनी उभी केली, ‘मॅक्स पेन’ करणारी. स्वीडनची डाइस कंपनीही अशीच द सायलेंट्स या अमिगा ग्रुपातून निघाली. पालकांना पटवायला हे दोन दाखले पुरतात, पोरांना असल्या दाखल्यांची गरज नसते.

शेवटी २०२० सालचा ‘मेमरीज’ पाहा. डेझायर ग्रुपच्या हेलमूडनं केलेला. २५६ बाइटमध्ये एकामागून एक इफेक्ट आणि वर संगीत. २५६ बाइट म्हणजे मराठीतलं एक मध्यम लांबीचं वाक्य.

एक व्यावहारिक सूचना. असे छोटे प्रोग्रॅम खास पद्धतीनं दाबून बांधलेले असतात, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांच्यावर बोंब मारतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर चालवायच्या फंदात पडू नका. सुरुवातीला व्हिडिओ पाहा. व्हिडिओची फाइल मूळ इंट्रोच्या हजारो पट मोठी असते, याची गंमत वेगळीच. शोधायला पुएट आणि डेमोझू या दोन सूची आणि सीन डॉट ऑर्गचा संग्रह पुरे.

पायरी २: मशीन छोटं निवडा

इथे माझं ठाम मत आहे. युनिटी किंवा अनरिअल ही गेम बनवायची बडी सॉफ्टवेअरं उतरवून सुरुवात करू नका. वाईट म्हणून नाही. पण पहिल्या आठवड्यात तुम्ही मेनू शिकता, गेम करत नाही, आणि समोर रिकामं अफाट मैदान असलं की माणूस ‘ओपन वर्ल्ड’चे बेत करत बसतो. नवशिक्याचं काम अडतं ते ज्ञानाअभावी कमी आणि पूर्ण न केल्यामुळे जास्त.

टिक-८० घ्या. हा काल्पनिक संगणक आहे, म्हणजे प्रत्यक्षात कधीच नव्हता असं जुन्या धाटणीचं मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं. पडदा २४० बाय १३६ पिक्सेल, रंग १६, आवाजाच्या वाहिन्या ४. कोड, चित्र, नकाशा, आवाज आणि संगीत या सगळ्यांचे एडिटर आतच. फुकट आणि मुक्त स्रोत. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइडवर चालतो, ब्राउझरमध्येही चालतो. लुआ, जावास्क्रिप्ट, पायथन यांपैकी हवी ती भाषा वापरा. मी लुआ सुचवेन, कारण या मशीनवरची बहुतेक उदाहरणं तिच्यात सापडतील. पिको-८ हा याचाच विकतचा भाऊबंद, १२८ बाय १२८चा. ‘सेलेस्ट’ हा पुढे गाजलेला गेम आधी २०१५ साली त्याच्यावर चार दिवसांत झाला होता. ज्यांचं गणित पक्कं आहे आणि ज्यांना थेट ‘एलिव्हेटेड’च्या वाटेनं जायचं आहे, त्यांनी शेडरटॉय ही ब्राउझरमध्येच सूत्रं लिहून चित्र काढायची वेबसाइट पाहावी. ‘एलिव्हेटेड’वाल्या इनिगो किलेझनंच पोल जेरेमियासबरोबर ती उभी केली.

पायरी ३: पहिली संध्याकाळ, पट्ट्यांपासून प्लाझ्मापर्यंत

कोड इथे जाणूनबुजून देत नाही. चिकटवलेला प्रोग्रॅम चालतो, पण त्यातला कुठला आकडा फिरवला की काय होतं हे बोटांना कळत नाही. कृती शब्दांत सांगतो, टाइप तुम्ही करा.

टिक-८० उघडा, ‘न्यू लुआ’ असा हुकूम द्या, एस्केप दाबून एडिटरमध्ये या आणि तिथला नमुना कोड पुसून टाका. एकच फंक्शन लिहायचं: टिक, तिन्ही अक्षरं कॅपिटल. हे मशीन त्याला सेकंदाला ६० वेळा बोलावतं. फंक्शनच्या आत आधी ‘टाइम’कडून सुरुवातीपासूनचे मिलिसेकंद घ्या, ३२ नं पूर्णांक भागाकार करा आणि उत्तराला टी म्हणा. मग दोन लूप, एकात एक: वाय ० ते १३५, एक्स ० ते २३९. आतल्या लूपमध्ये ‘पिक्स’ला, म्हणजे एक ठिपका रंगवणाऱ्या हुकुमाला, एक्स, वाय आणि रंग द्यायचा. रंग म्हणजे एक्स, वाय आणि टी यांची बेरीज भागिले ८. कंट्रोल आणि आर दाबा. तिरके रंगीत पट्टे सरकायला लागतील. रंगाचा आकडा १५ च्या पुढे गेला तरी चालतं, मशीन त्याला पुन्हा ०पासून गुंडाळतं.

आता अर्धा तास नुसतं खेळा. बेरजेच्या जागी वजाबाकी करा, एक्स आणि वायचा एक्सॉर (दोन आकड्यांचे बिट ताडून पाहणारी क्रिया) करा, चौकोनात चौकोन दिसतील. मग एक्समधून १२० आणि वायमधून ६८ वजा करून दोघांच्या वर्गांची बेरीज घ्या, ८ ऐवजी ५०० नं भागा: मध्यातून वर्तुळं निघतील. इथे टी भागाकाराच्या बाहेर जोडा आणि त्याला बराच मंद करा, नाहीतर पडदा डोळ्यांवर मारा करतो.

पट्टे झाले की प्लाझ्मा, म्हणजे एकमेकांत मिसळत वाहणारे रंग. हा डेमोसीनमधला सगळ्यात जुन्या इफेक्टांपैकी एक आणि अजून न शिळा झालेला. तीन साइन लाटांची बेरीज करायची: पहिली एक्स भागिले २० अधिक टी यांची, दुसरी वाय भागिले १५ उणे टी, तिसरी एक्स-वायची बेरीज भागिले ३०, अधिक टी. टी म्हणजे यावेळी मिलिसेकंद भागिले ५००. उत्तर उणे ३ ते अधिक ३ यांच्यामध्ये येतं. त्यात ३ मिळवा, ६ नं भागा, आता ते ० ते १ झालं.

इथे नवखे एक गोष्ट हमखास करतात: या उत्तराला थेट १५ नं गुणतात. मग पडद्यावर काळ्याशेजारी जांभळा, पिवळ्याशेजारी हिरवा असा गोंधळ उठतो आणि वाटतं गणित चुकलं. गणित बरोबरच असतं. टिक-८०चे सोळा रंग फिक्याकडून गडदाकडे असे ओळीनं लावलेले नाहीत. त्यात दोन छान चढ आहेत. ८ ते १२ हे गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जातात, १ ते ४ हे जांभळ्यापासून लाल, नारिंगी होत पिवळ्यापर्यंत. तेव्हा ० ते १ च्या उत्तराला ४ नं गुणून ८ मिळवा: पाणी तयार. ३ नं गुणून १ मिळवा: विस्तव तयार. चार-पाचच छटा असल्यामुळे कडा ठसठशीत दिसतील. त्या मोडायच्या असतील तर रंग ठरवताना ० ते १ मधला यादृच्छिक अंक आणखी मिळवा आणि मग पूर्णांक करा. कडा दाणेदार होऊन एकमेकींत विरघळतात.

पडद्यावर ३२,६४० पिक्सेल आहेत आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस लाख पिक्सेल, प्रत्येकाला तीन साइन. जुना लॅपटॉप धापा टाकू शकतो. मग जुन्या लोकांनी जे केलं तेच करा: सुरुवातीलाच साइनच्या किमतींचा तक्ता भरून ठेवा आणि नंतर नुसत्या वाचा.

पायरी ४: बोगदा

प्लाझ्मा जमला की बोगदा करा, कारण खोलीचा भास पहिल्यांदा इथे होतो. प्रत्येक पिक्सेलसाठी मध्यापासूनचं अंतर काढा आणि आर्कटॅन्जंटनं कोन काढा. कोनाला पाय (π) नं भागून १६ नं गुणा, ही झाली बोगद्याच्या भिंतीवरची आडवी जागा. ५०० भागिले अंतर, त्यात काळ मिळवला की ही झाली खोली. दोन्ही पूर्णांक करून एक्सॉर करा, शेवटचे दोन बिट ठेवा, ८ मिळवा. निळ्या चौकटींच्या बोगद्यात तुम्ही शिरत आहात.

बहुधा शिरणार नाही, कारण ‘नंबर हॅज नो इंटिजर रिप्रेझेंटेशन’ अशी तक्रार येईल. बरोबर मध्यावरच्या पिक्सेलचं अंतर ० असतं. लुआ शून्यानं भागायला नकार देत नाही, मुकाट अनंत देते, आणि अनंताचा पूर्णांक करून एक्सॉर करायला गेलं की मग अडते. अंतरात ०.१ मिळवून मोकळे व्हा. खोलीचं गणित ‘भागिले अंतर’ का, हे वहीवर दोन रेघा मारून समजून घ्या. पुढचं सगळं थ्री-डी त्याच भागाकारावर उभं आहे.

पायरी ५: आता त्याचा गेम

डेमो आणि गेममध्ये फरक एका बटणाचा. संक्रांतीच्या पतंगाचा गेम करू. एफ२ दाबून ८ बाय ८ च्या चौकटीत पतंग काढा. पतंग पडद्यावर डावीकडे, एक्स ४० वर कायम. त्याची उंची (पडद्याच्या वरच्या कडेपासून खाली मोजलेली) आणि वेग अशी दोन व्हेरिएबल. दर फ्रेमला वेगात ०.१ मिळवा, हे झालं गुरुत्वाकर्षण. झेड दाबलेला असेल तर वेगातून ०.२५ वजा करा, ही झाली ढील. मग वेग उंचीत मिळवा. झालं भौतिकशास्त्र.

अडथळा: वर विजेच्या तारांचा गुंता, खाली गच्चीवरची पाण्याची टाकी, मध्ये ५० पिक्सेलची फट. तो २४० पासून सुरू होतो, दर फ्रेमला १.५ पिक्सेल डावीकडे येतो. उणे ८ च्या पलीकडे गेला की परत २४० वर, फटीची उंची नव्यानं यादृच्छिक, आणि एक गुण. हिशेब केलात तर पावणेतीन सेकंदांना एक अडथळा पडतो. सुरुवातीला हे रटाळ वाटेल, पण वेग आत्ताच वाढवू नका. आधी धडक तपासा: अडथळा आणि पतंग आडवे एकमेकांवर आले आहेत का, आणि आले असतील तर पतंग फटीच्या आत आहे का.

धडकेची चौकट मात्र पतंगापेक्षा चहूबाजूंनी २ पिक्सेल लहान ठेवा. खरं गणित खेळणाऱ्याला अन्याय वाटतं. पतंगाचा कोपरा तारेला नुसता चाटून गेला तर खेळणारा म्हणतो ‘लागलं नव्हतं!’, आणि त्याच्या बाजूनं तो बरोबर असतो. चांगल्या गेममध्ये अशी सूट गुपचूप दिलेली असते.

‘सुरुवात, खेळ, संपला’ ही अवस्था एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. पुन्हा सुरू करताना उंची मूळ जागी आणायची असतेच, पण वेगही ० करायचा असतो. तो राहून गेला की पतंग सुरू होताच जमिनीकडे झेपावतो आणि कारण सापडता सापडत नाही. मागे हळू चालणारा निळा प्लाझ्मा लावा: आकाश फुकटात मिळालं.

मग कोणाच्या तरी हातात द्या आणि गप्प बसा. ‘झेड दाब’ हेही सांगू नका. त्याला कळलं नाही तर ते पडद्यावर लिहायला हवं होतं, एवढंच समजायचं.

मराठी अक्षरांची भानगड

पडद्यावर लिहायचं म्हटलं की आपल्याला वेगळाच पेच पडतो. टिक-८०च्या अंगच्या फाँटमध्ये देवनागरी नाही. अक्षरं स्प्राइट म्हणून, म्हणजे पतंगासारखी छोटी चित्रं म्हणून, स्वतः काढावी लागतात, आणि यात खरी मजा आहे. ८ पिक्सेल उंचीत वेलांटी आणि उकार दोन्ही मावत नाहीत, म्हणून एका अक्षराला ८ बाय १६ द्या. पूर्ण मुळाक्षरं काढायला बसू नका, हव्या त्या मजकुरातलीच काढा. ‘नमस्कार मंडळी’ला न, म, स्का, र, मं, ड, ळी एवढ्यांत भागतं. काना, वेलांटी असलेली अक्षरं जोडून एकच चित्र केलेली बरी.

डेमोत मजकूर साइन लाटेवर डुलत जातो, त्याला स्क्रोलर म्हणतात. रोमन अक्षरं सुटी असतात, प्रत्येक वर-खाली केलं की काम झालं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषेच्या पायऱ्या होतात, अगदी मोडक्या जिन्यासारख्या दिसतात. उपाय असा: अक्षरं शिरोरेषेशिवाय काढा, त्यांचे दांडे वर दोनेक पिक्सेल लांब ठेवा, आणि अक्षरं मांडून झाल्यावर शिरोरेषा वेगळी, पिक्सेल-पिक्सेल करत, त्याच साइन लाटेवर ओढा. शब्द संपला की रेघ तोडा. लांब दांड्यांमुळे मधली फट झाकली जाते आणि अख्खा शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखा एकसंध लहरतो. रोमन लिपीतल्या स्क्रोलरना हे जमत नाही.

आवाज

एफ४ वर आवाजाचे तुकडे, एफ५ वर संगीत. ही मांडणी ट्रॅकर पद्धतीची आहे, १९८७ साली कार्स्टन ओबार्स्कीनं अमिगासाठी केलेल्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासून चालत आलेली. काळ वरून खाली वाहतो, प्रत्येक स्तंभ एक वाहिनी. एका पॅटर्नमध्ये ६४ ओळी. तबला शिकलेल्यांनी हे पाहावं: मात्रेला ४ ओळी धरल्या की बरोबर १६ मात्रा, म्हणजे त्रितालाचं एक आवर्तन. केरवा दोनदा बसतो. दादरा आणि रूपक बसत नाहीत, त्यांच्यासाठी ओळी कमी कराव्या लागतात. पहिल्या गेमला धडकेचा एक आवाज आणि गुण मिळाल्याचा एक, बस्स.

पायरी ६: हवं असेल तर लहान करा

आकार कमी करायची हौस दिसायला छान झाल्यावरच करा. उलट केलंत तर छोटा आणि कुरूप प्रोग्रॅम हाती राहतो. पहिली युक्ती: दोन लूपचा एक करा. आय ० ते ३२,६३९, एक्स म्हणजे आयला २४० नं भागून उरलेली बाकी, वाय म्हणजे भागाकार. मग व्हेरिएबलांची नावं एकाक्षरी, नको त्या मोकळ्या जागा बाद, न दिसणारं अचूक गणित बाद. शेवटी पाकेटिक हे साधन टिक-८०चा प्रोग्रॅम दाबून देतं. प्लाझ्मा २५६ बाइटमध्ये आरामात बसतो. उरलेल्या बाइटांत दुसरा इफेक्ट कोंबायचा मोह होईल, तो व्हायलाच हवा.

पायरी ७: बाहेर पाठवा

डेमो पार्टी म्हणजे नाचगाण्याची पार्टी नव्हे, स्पर्धा. तिथल्या स्पर्धेला कंपो म्हणतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडक पाहिलेल्यांना वातावरण समजावून सांगायची गरज नाही: ठरलेल्या मर्यादेत सादरीकरण, खाली बसलेले प्रतिस्पर्धी, आरडाओरडा, दाद आणि टवाळी एकाच सुरात. फरक एवढाच की इथे बहुधा प्रेक्षकच मतं देऊन निकाल लावतात. मोठी पार्टी रिव्हिजन, जर्मनीत सारब्रुकेनला ईस्टरच्या सुट्टीत. असेंब्ली फिनलंडची, १९९२ पासूनची. आपल्या कामाची मात्र लव्हबाइट: २०२१ साली सुरू झालेली, फक्त चिमुकल्या प्रोग्रॅमांची, ऑनलाइन. तिथे १६ बाइटचासुद्धा विभाग असतो. इतर पार्ट्यांच्या नियमांत ‘रिमोट’ प्रवेशिका चालतात का ते पाहा. थेट प्रक्षेपण पाहायचं असेल तर उन्हाळी वेळेत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. तिथल्या रात्री ९ च्या कंपोला इथे साडेबारा वाजलेले असतात.

गेमवाल्यांनी जेएस१३के पाहावी: १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, जावास्क्रिप्टमधला गेम झिप करून १३ केबीत. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे. तिचा मूळ विभाग ४८ तासांचा, एकट्यानं, सगळं स्वतः केलेलं. ग्लोबल गेम जॅम, म्हणजे एकत्र बसून ठरल्या वेळात गेम करायचा मेळा, जानेवारीच्या शेवटाकडे असते आणि भारतातल्या शहरांतही तिची केंद्रं असतात. एकटं बसायचं नसेल तर तीच बरी.

पाठवताना झिपमध्ये एक छोटी मजकूर-फाइल हवी: नाव, ग्रुप, कुठल्या आवृत्तीवर चालतं, कोणाचं काय वापरलं. सीनमध्ये लोक टोपणनावानं वावरतात, तुम्हीही एखादं घ्या. दुसऱ्याचा तुकडा वापरला तर नाव लिहा. एआयकडून कोड किंवा चित्र घेणार असाल तर त्या त्या कंपोचा नियम आधी वाचा, प्रत्येकीचा वेगळा असतो. पुएटवर वाहवा, डुक्कर किंवा थेट निषेध यांपैकी एक शेरा मिळतो. डुक्कर म्हणजे ‘ठीकठाक’. पहिल्या कामाला डुक्कर मिळालं तर समाधान माना, कोणीतरी चालवून पाहिलं.

पायरी ८: चार जणांना ओढा

जागा कुठलीही: कॉलेजची लॅब, सोसायटीचा हॉल, वाचनालयाची वरची खोली. प्रोजेक्टर हवा आणि त्याहून जास्त बरे स्पीकर हवेत. लॅपटॉपच्या चिरक्या आवाजात ‘सेकंड रिअॅलिटी’ दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी. एचडीएमआय लावली की आवाज भलतीकडे जातो, ते लोक यायच्या आधी तपासा. लॅबच्या संगणकांवर काही बसवायची परवानगी नसते, म्हणून टिक-८० पेनड्राइव्हवर ठेवा किंवा ब्राउझरमधून चालवा. झगमगाट खूप असतो, अपस्मार असलेल्यांना त्रास होऊ शकतो हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा.

इतिहासावर भाषण ठोकू नका. दहा-पंधरा मिनिटांत वर सांगितलेले तुकडे दाखवा, आकार नंतर सांगा, आणि लगेच रिकाम्या पडद्यावर पट्ट्यांचा प्रोग्रॅम सगळ्यांसमोर टाइप करा. चुका होऊ द्या. लोकांना विचारा: इथे अधिकच्या जागी काय टाकू? कोणीतरी ‘गुणिले’ म्हणतं, पडदा फिरतो आणि मागच्या रांगेतलं पोरगं पुढे येऊन बसतं. तिथून पुढे तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

मग जोड्या लावा, एकानं टाइप करायचं आणि दुसऱ्यानं आकडे सुचवायचे. तासाभरानं बाइट बॅटल लावा. ही सीनमधलीच पद्धत: दोघे समोरासमोर, २५ मिनिटं, २५६ अक्षरांची मर्यादा, दोघांचे पडदे प्रेक्षकांना दिसतात. नवख्यांसाठी अक्षरांची मर्यादा काढून टाका, वेळेची मात्र ठेवा. निकाल टाळ्यांवर. ज्यांना प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही त्यांना चित्राचा एडिटर द्या, पतंग आणि अक्षरं तेच काढतील. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला ट्रॅकर द्या. सीनमधले ग्रुप असेच बनतात: एक कोडर, एक चित्रवाला, एक संगीतवाला.

बक्षिसं नकोत. रोख बक्षीस आलं की पोरं नेटवरून तयार कोड आणतात. प्रत्येकाचं काम मात्र त्याच संध्याकाळी जमा करून घ्या, अर्धवट असलं तरी. फाइलच्या नावात टोपणनाव आणि तारीख हवी. सगळं एका झिपमध्ये, सोबत मजकूर-फाइल. टिक-८०मधून गेमचं वेबपान काढता येतं, त्याचा दुवा रात्रीच ग्रुपवर टाका आणि त्याच संदेशात पुढच्या संध्याकाळची तारीख आणि तिचा विषय द्या. पहिल्या खेपेला ‘पाऊस’ हा विषय चांगला चालतो: रेघा पाडायला सोप्या, आणि प्रत्येकाचा वेगळा पडतो.